गेम चालू असताना बंद पडून परत सुरू न होणारा पीसी

गेम अडकणं, निळी स्क्रीन येणं, विंडोज आपोआप रीस्टार्ट होणं हे वेगळं दुखणं, ते बहुतेक वेळा ड्रायव्हर, रॅम नाहीतर विंडोजकडे जातं. ही नोंद त्याच्याबद्दल नाही. ऐन रंगात आलेल्या गेममध्ये टप्पकन सगळं काळं होतं, पंखेसुद्धा थांबतात आणि नंतर कितीही बटण दाबलं तरी पीसी उठत नाही, हे ते दुखणं. असं झालं की पहिला संशय करंटवर घ्यायचा, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून एसएमपीएसमधून (घरातली वीज पीसीला लागेल तशी बदलून देणारा कॅबिनेटमधला डबा) मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डपर्यंतच्या वाटेवर. आपल्याकडं पोरं आधी ग्राफिक कार्ड गेलं असं धरून चालतात, घरच्यांकडून कसेबसे पैसे काढून नवीन कार्ड आणतात आणि पीसी तसाच पडलेला असतो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

गेममध्येच का बंद पडतो? नुसतं डेस्कटॉप उघडून बसलं तर पीसी फार वीज खात नाही, पण गेम लागला की एकटं ग्राफिक कार्डच 200-300 वॅट ओढू शकतं आणि मध्येच काही मिलिसेकंद त्याहून बरंच जास्त. कार्डला मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅट आणि 8 पिनच्या एका कनेक्टरमधून 150 वॅट मिळतात, हा जवळपास सगळा भार 12 व्होल्टच्या लाइनवर, आणि ती लाइन 11.4 ते 12.6 च्या मध्ये राहायला पाहिजे. भार झेपेना किंवा कुठं शॉर्ट लागला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो, आणि बरेच एसएमपीएस तसेच अडकून बसतात, मेनची वीज तोडेपर्यंत परत सुरूच होत नाहीत. म्हणून बटण दाबत बसण्यात अर्थ नाही. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा, वायर काढा, मग पीसीचं पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जातो, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि परत लावा. चालू झाला तर बरा झाला असं समजू नका. एसएमपीएस कमी पडतोय, जुना होऊन थकलाय, नाहीतर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि त्याच गेममध्ये तो परत पडणार.

आपल्या बेळगावच्या सीमाभागात करंटच्या वाटेचं पहिलं टोकच कच्चं असतं. आपल्याकडं सप्लाय 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा, पण उद्यमबागेतल्या फौंड्र्या, शहापूर-वडगावचे यंत्रमाग, चिकोडी-अथणीकडचे शेतातले पंप असा मोटारींचा भार शेजारी असला की व्होल्टेज वरखाली होतं, आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं झाड तारांवर पडलं की करंट जातो येतो जातो असं चालतं. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला, तीन पिनच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाची अर्थची वायर जोडलेलीच नसते. हे ओळखायची एक खूण आहे: अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला चुकून हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज अर्थमध्ये जायची असते, वाट नसली की ती कॅबिनेटवर येऊन बसते. मुद्दाम हात लावून बघू नका, इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये एखाद-दोन व्होल्टच दिसायला पाहिजेत.

यूपीएसचा घोळ वेगळाच. 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसवर लिहिलेला आकडा) यूपीएस साधारण 360 वॅटच देतो, त्यामुळं करंट गेला आणि गेम चालू असला की यूपीएस ओव्हरलोड होऊन तोही बंद आणि पीसीपण, आणि माणूस म्हणतो यूपीएस असून बंद कसा पडला. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी लावला असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, नाहीतर बदल व्हायला वेळ लागतो आणि पीसी मध्येच जातो.

आता पीसी मेलाय म्हणजे नक्की कसा मेलाय ते नीट बघायचं. काहीच हलत नाही, मदरबोर्डवरचा छोटा दिवापण नाही, तर सॉकेट, वायर नाहीतर एसएमपीएस. दिवा आहे पण पंखे फिरत नाहीत, तर कधीकधी नुसतं कॅबिनेटचं बटण खराब असतं, मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडून बघा. पंखे एकदा फिरून थांबतात, तर शॉर्ट किंवा भार, ग्राफिक कार्ड काढून एकाच रॅमवर लावून बघा (इंटेलच्या नावामागं एफ असलेल्या प्रोसेसरला कार्डाशिवाय डिस्प्ले येत नाही, तिथं नुसते पंखे आणि दिवे बघायचे). पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले नाही, तर रॅम काढून सोनेरी कडा खोडरबरानं पुसून परत बसवा, खानापूरच्या दमट हवेत याचा उपयोग होतो. आणि काहीच न करता अर्ध्या तासानं बटण दाबल्यावर चालू होत असेल तर उष्णता बघा, प्रोसेसर 95-100 अंशाच्या आसपास गेला की आधी हळू होतो, त्याहून वर गेला की मशीन बंदच.

कनेक्टर काढून डोळ्यांजवळ धरा. कार्डाच्या 8 पिनमध्ये एखाद्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय, आतली पत्री काळी, वास जळकट, असं असलं तर पिन सैल होती आणि तिथंच गरम होत होती. अशी वायर परत लावायची नाही. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची सुटी वायर तर कधीच नको, भोकं जुळतात पण आतला क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळू शकते.

विंडोजच्या नोंदीत कर्नल-पॉवर 41 दिसलं म्हणून कुणी घाबरू नये, ते फक्त पीसी नीट बंद न होता गेला एवढंच सांगतं, कारण सांगत नाही. आणि एसएमपीएस उघडायचा नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या जवळपास चार्ज असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतो.

शेवटी दुसरा, चांगल्या ताकदीचा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी परीक्षा, ती बेळगावात नाहीतर कोल्हापुरात दुकानात होते. "मामा, घरात चालू होईना झालाय ओ" एवढंच सांगून कॅबिनेट ठेवून येऊ नका, कुठल्या गेममध्ये, किती वेळानं, करंट जाऊन आल्यावर का, हे सगळं सांगा आणि घरची पॉवर वायर आणि यूपीएसपण बरोबर न्या. दुकानात घरच्याच वायरवर आणि यूपीएसवर तासभर गेम नीट चालला आणि घरी आणल्यावर परत बंद पडला, तर बिघाड पीसीत नसून घरच्या वायरिंगमध्ये नाहीतर सप्लायमध्ये असण्याची शक्यता जास्त.