समोरच्या टॉवरचं रेडिएशन मोजून हवंय? अर्ज असा करा

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला की सोसायटीची तातडीची बैठक ठरलेली. कोणाचं डोकं दुखायला लागलेलं असतं, कोणी चिमण्या दिसेनाशा झाल्याचं सांगतं, कोणी थेट मोर्चाची भाषा करतं. आकडा मात्र कोणाकडेच नसतो. तो सरकारी माणसाकडून मिळवायची सोय आहे आणि त्यासाठी ना वकील लागतो, ना नगरसेवकाचं पत्र.

केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात. एखाद्या टॉवरवर क्लिक केलं की तिथे कोणतं तंत्रज्ञान चालतं ते कळतं आणि तो टॉवर नियमात बसतो की नाही, याची माहिती ईमेलवर मागवता येते. याला पैसे पडत नाहीत. माझं मत विचाराल तर आधी इथवरच यावं. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

तरीही प्रत्यक्ष मोजणी हवी असेल तर याच पोर्टलवर पुढचा अर्ज. तो कोणीही करू शकतं, घर स्वतःचं असण्याची अट नाही. कागदपत्रांचं म्हणाल तर फाइल बनवायला धावू नका. नाव, चालू मोबाइल नंबर, ईमेल आणि मोजणीच्या जागेचा नीट पत्ता एवढं हाताशी असू द्या. नोंदणी करायची, जागा सांगायची आणि ४,००० रुपये ऑनलाइन भरायचे. एकट्याला ही रक्कम जड जाते, पण वीस घरांनी वाटून घेतली तर घरटी दोनशे. शिवाय सगळ्यांनी मिळून मागितलेला अहवाल नंतर कोणी ‘तुमचा तुम्ही आणलात’ म्हणून उडवून लावत नाही.

अर्ज गेला की विभागाच्या त्या-त्या सेवा क्षेत्राची, म्हणजे दूरसंचारासाठी देशाचे जे भाग पाडलेत त्यांतल्या आपल्या भागाची, माणसं मीटर घेऊन येतात. गोवा महाराष्ट्राच्या सेवा क्षेत्रात येतो, मुंबईचं क्षेत्र वेगळं आहे.

आता जागा कोणती सांगायची? लोक हमखास टॉवरच्या पायथ्याशी बोट दाखवतात आणि तिथेच चुकतात. अँटेनाचा झोत समोरच्या दिशेला, किंचित खाली झुकलेला असतो, सरळ पायाशी पडत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ते इथे अक्षरशः खरं. म्हणून अँटेनाच्या समोर आणि साधारण त्याच उंचीवर असलेली खिडकी किंवा बाल्कनी सांगा. तिथे आकडा कमी आला तर खालच्या मजल्यांनी निर्धास्त राहायला हरकत नाही.

अहवाल वाचताना मर्यादा ठाऊक हवी. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लागू केली. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींना दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आणि १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट. एकाच गच्चीवर तीन कंपन्या असतील तर प्रत्येक लहरीचं मोजमाप तिच्या मर्यादेने भागून सगळ्यांची बेरीज करतात. ती एकाच्या आत असली की जागा नियमात बसली.

आणि बसली, तर टॉवर राहतो. हे अर्ज करण्याआधीच बैठकीत स्पष्ट सांगा, नाहीतर पैसे देणारेच नंतर चिडतात. हा अर्ज मोजणीचा आहे, टॉवर हटवण्याचा नाही. गच्चीला भार पेलतो का हा प्रश्न महापालिकेचा, सोसायटीने ठराव नीट केला का हा सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा. त्या तक्रारी तिकडेच द्याव्यात, त्यांत रेडिएशन कालवू नये.

कॅन्सरचं काय, हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइल आणि टॉवरच्या या रेडिओ लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ ब गटात टाकल्या. पुरावा मर्यादित असेल तेव्हाचा हा गट, आणि त्यात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

गंमत म्हणजे टॉवरपेक्षा कानाला लावलेला फोन शरीराच्या कितीतरी जवळ असतो आणि रेंज कमी असेल तर तो जास्त जोर लावतो. त्याची तपासणी फुकट आहे. डायलवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बहुतेक फोनवर सार (SAR) नावाचा आकडा येतो, म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप. भारतात तो किलोला १.६ वॅटच्या आत असावा लागतो.

जाता जाता, टॉवरच्याच नावाने येणाऱ्या एका फोनबद्दल. ‘तुमच्या जागेवर टॉवर बसवतो, महिन्याला एवढं भाडं, ट्रायच्या ना-हरकत प्रमाणपत्राचे पैसे तेवढे आधी भरा.’ ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, असं प्रमाणपत्र कोणालाच देत नाही.