मुंबई इलाख्यातील वेड्यांची इस्पितळे आणि १९१२ चा कायदा : पार्श्वभूमी

मनोरुग्णाला सरकारी इस्पितळात ठेवायचे तर डॉक्टरच्या चिठ्ठीबरोबर मॅजिस्ट्रेटचा हुकूमही लागे, आणि ही पद्धत आपल्याकडे जवळजवळ सबंध विसाव्या शतकात टिकली. तिचे मूळ १८५८ च्या तीन कायद्यांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’मध्ये आहे. हे कायदे ज्या इस्पितळांसाठी झाले त्यांचा रोजचा कारभार कसा चाले, हे पाहिल्याशिवाय त्यांतली कलमे नीट उलगडत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथे वेड्यांची इस्पितळे होती. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, पण ते मध्य प्रांताच्या अखत्यारीत येई. १९०१ मध्ये ठाण्याला नौपाड्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने आणखी एक इस्पितळ सुरू झाले. हैदराबादच्या इस्पितळाला जसे सर कावसजी जहांगीर यांचे नाव होते, तसेच हेही देणगीदाराचे नाव. दात्याच्या पैशावर इमारत उभी राहायची आणि पगार, धान्य, औषधे यांचा रोजचा भार सरकारी तिजोरीवर पडायचा, अशी ही वाटणी होती. सरकारचा हात आखडता असल्याने इमारत झाली तरी माणसे अपुरीच राहत. १८२६ पासूनच्या कुलाब्याच्या इस्पितळातील दाटी तर वर्षानुवर्षे सरकारदरबारी चर्चेत होती.

काही प्रांतांत या संस्था तुरुंगांच्या महानिरीक्षकाच्या हाताखाली होत्या. मुंबई इलाख्यात देखरेख सर्जन-जनरलकडे, म्हणजे कागदोपत्री तरी वैद्यक खात्याकडे होती. पण त्यामुळे आतला कारभार फारसा वेगळा झाला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा सिव्हिल सर्जनच इस्पितळाचा अधीक्षक असे, आणि सिव्हिल हॉस्पिटल व तुरुंग सांभाळून उरलेला वेळ तो या कामाला देई. प्रत्यक्ष ताबा हाताखालच्या डॉक्टरचा आणि राखणदारांचा. राखणदाराची नोकरी कमी पगाराची आणि बिनप्रशिक्षणाची असल्याने तिथे टिकून राहणारा माणूस मिळणे कठीण होते. आहार ठरलेल्या वजनमापाने मिळे, आणि अंगात ताकद असलेल्या रोग्यांना बागकाम, दळण, विणकाम अशा कामांना लावले जाई. काम हा उपचार मानला जात होता हे खरे. मात्र त्यातून झालेली मिळकत आणि दर डोई खर्च हे आकडेही अहवालात तितक्याच काळजीने भरले जात. वरच्या अधिकाऱ्याचे लक्ष कोणत्या रकान्यावर आधी जात असेल, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

या अहवालांतील तक्त्यांची विश्वासार्हता एकदा कसून तपासली गेली. गांजा आणि भांग यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८९३-९४ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी हाती घेतली, कारण गांजाने वेड लागते या समजाचा मुख्य आधार हीच आकडेवारी होती. आयोगाने एकेक प्रकरण उकरून काढले, तेव्हा मोठ्या भागात ‘कारण’ या रकान्यातील नोंद पोलिसांच्या कागदावरून तशीच उतरवलेली आढळली. रस्त्यावर सापडलेल्या माणसाचे घरदार ठाऊक नसे आणि रकाना तर भरायलाच हवा. मग तो गांजा ओढत असल्याचे कोणी सांगितले, किंवा नुसती शंका आली, तरी ‘गांजा’ लिहून मोकळे होत. सर्जनही ती नोंद सहसा बदलत नसे. आयोगाने यातली बरीच प्रकरणे अमान्य केली आणि ही आकडेवारी निष्कर्षासाठी निरुपयोगी ठरवली. माझ्या मते त्या काळच्या इस्पितळांविषयीचा हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे, कारण रोग्याची ओळख डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच पोलिस ठाण्यावर कशी ठरून जाई, हे त्यातून स्पष्ट दिसते.

१९१२ च्या कायद्याने ही वाट बंद केली नाही, ती आखून दिली. नातेवाइकांनी अर्ज करायचा तर सोबत दोन वैद्यकीय दाखले लागत. बेवारस फिरणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिस अधिकारी मॅजिस्ट्रेटसमोर उभे करी, आणि मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीसाठी एका वेळी १० दिवसांपर्यंत, आणि एकूण ३० दिवसांच्या आत, अडकवून ठेवण्याचा हुकूम देऊ शके. दाखल्याचा नमुना कायद्यालाच जोडलेला होता. त्यात डॉक्टरने स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणे एका जागी आणि इतरांनी त्याला सांगितलेली दुसऱ्या जागी लिहायची होती. ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवण्याची ही तरतूद शहाणपणाची होती. अर्जासोबतच्या माहितीपत्रकात वय, धर्म, विवाहित की अविवाहित, पहिला झटका कधी आला, अपस्मार आहे का, आत्महत्येची प्रवृत्ती आहे का, यांबरोबरच दारू, अफू, गांजा, चरस, भांग, कोकेन यांचे व्यसन आहे का, हाही प्रश्न होता. आयोगाचा अहवाल येऊन १८ वर्षे झाली होती, तरी गांजाचा रकाना कायम राहिला.

या कायद्याने प्रत्येक इस्पितळासाठी निदान तीन अभ्यागत, म्हणजे बाहेरून येऊन पाहणी करणारे देखरेखदार, नेमणे आवश्यक केले. त्यांपैकी एक तरी वैद्यकीय अधिकारी असावा, आणि दोघांनी मिळून महिन्यातून एकदा इस्पितळाचा कानाकोपरा पाहावा, अशी अपेक्षा होती. तुरुंगांचा महानिरीक्षक जिथे होता तिथे तो पदसिद्ध अभ्यागत ठरला, त्यामुळे कारभार कोणत्याही खात्याकडे असला तरी तुरुंगखात्याचा पाय दारात राहिलाच. अभ्यागतांच्या संमतीने स्वेच्छेने दाखल होण्याची सोयही कायद्यात होती, आणि अशा रोग्याने सुटकेची लेखी मागणी केल्यावर त्याला २४ तासांहून अधिक ठेवता येत नसे. सुटकेची मेख मात्र नातेवाइकांपाशी होती. ज्याच्या घरच्यांनी अर्ज करून दाखल केले, त्याला ते परत मागू शकत. पोलिसांमार्फत आलेल्याला नातेवाईक किंवा स्नेही जामीनकी लिहून घेऊन जाऊ शकत. ज्याचे कोणीच नव्हते त्याची सुटका सर्वस्वी अभ्यागतांवर अवलंबून होती. गुन्ह्याच्या खटल्यातून आलेल्या रोग्यांची वाट आणखी लांब, कारण तिथे सरकारची मंजुरी लागे.

कायदा झाल्यानंतरच्या वर्षांत पूर्णवेळ मानसोपचार जाणणारे अधिकारी नेमण्याकडे कल झाला. मुंबई इलाख्यात कुलाब्याची जागा सोडून येरवड्याला मध्यवर्ती इस्पितळ उभारण्यात आले, आणि पुढे त्याचे अधीक्षक डब्ल्यू. एस. जॅगो शॉ हे या विषयातले जाणकार म्हणून ओळखले गेले. रांचीला १९१८ मध्ये युरोपियनांसाठी स्वतंत्र इस्पितळ सुरू झाले. तिथे ओवेन बर्कली-हिल यांनी रोग्यांना कामात गुंतवण्याचे पद्धतशीर प्रयोग केले आणि ‘ल्युनॅटिक असायलम’ हे नाव काढून टाकण्याचा आग्रह धरला. १९२० च्या दशकाच्या आरंभी ‘मेंटल हॉस्पिटल’च्या पाट्या लागल्या. भारतीय रोग्यांसाठी शेजारी कांके येथे इस्पितळ निघाले ते १९२५ मध्ये. औषधे म्हणावी तर ब्रोमाइड, क्लोरल, पॅराल्डिहाइड अशी शांत करणारीच होती. १९१९ च्या राज्यकारभारविषयक सुधारणांनंतर इस्पितळे सोपीव, म्हणजे प्रांतिक मंत्र्यांकडे सोपवलेल्या, खात्यांत गेली, पण तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या हातातल्या राखीव खात्यांकडेच राहिल्याने नव्या पाट्यांमागे नवा पैसा फारसा आला नाही.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा सुमारे ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम १०,००० खाटा होत्या, म्हणजे ४०,००० माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक असे होते. समितीसाठी इस्पितळांची पाहणी करणारे रांचीचे कर्नल मूर टेलर यांनी बहुतेक इस्पितळे कालबाह्य असून ती बरे करण्यापेक्षा कोंडून ठेवण्याच्या हेतूने बांधलेली आहेत, असा शेरा दिला. तरीही १९१२ चा कायदा चालू राहिला. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ मध्ये मंजूर झाला आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आला. त्याच वर्षी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे, असे स्पष्ट सांगावे लागले. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत तोवर अशी माणसे होतीच.