काळूला शनिवार कळत नाही, कडी कळते

आमचा कुत्रा काळू नाशिकमधल्या इंदिरानगरच्या गल्लीत जन्मला. आमच्याकडे येऊन त्याला दीड महिना झाला. गंगापूर रोडला फिरायला नेलं की कोणी ना कोणी सुनावतंच, "गावठी आहे, शिकायचा नाही. दोन रट्टे द्या, येईल वळणावर."

'बस' तो चौथ्या दिवशी शिकला, तेही उकडलेल्या चिकनच्या नखाएवढ्या तुकड्यांवर. तुकडा नाकापाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपसूक टेकतं. टेकलं रे टेकलं की "शाबास!" आणि तुकडा. आधी मी फ्रिजकडे धावायचो. परत येईपर्यंत स्वारी उभी, म्हणजे बक्षीस मिळालं ते उभं राहण्याला.

तो क्षण इतका महत्त्वाचा का? इथे डोपामिन हे मेंदूतलं रसायन येतं. रील्सवाल्यांनी त्याला 'आनंदाचं रसायन' करून 'डोपामिन डिटॉक्स'चा बाजार मांडलाय, पण त्याचं काम जास्त हिशेबी आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत संकेत मोजले. अचानक फळांचा रस मिळाला की पेशी जोरात धडधडायच्या. रसाआधी दर वेळी ठरावीक खूण दाखवली, तर काही दिवसांनी धडधड खुणेलाच व्हायची, रसाला जवळजवळ नाही. आणि खूण होऊन रस आलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी पेशी नेहमीपेक्षाही गप्प! 1997 साली पीटर डायन आणि रीड माँटेग्यू या संशोधकांसोबत त्यांनी यामागचं गणित मांडलं: मिळालेलं बक्षीस वजा अपेक्षित बक्षीस. उत्तर धन आलं तर आधीची कृती पक्की होते, ऋण आलं तर ढिली पडते, शून्य आलं तर शिकण्यासारखं नवं काही नाही. ('अपेक्षित' हा आकडाही प्रत्येक फेरीत या फरकाच्या थोड्या अंशाने सरकतो, म्हणून शिकण्याचा आलेख आधी चढा आणि मग सपाट.)

'शाबास' ही ती खूण. तुकडा तोंडात जायला दोन सेकंद लागले तरी शब्द वेळेवर पोचतो. 'बस' पक्कं झालं की तुकडा कधी द्यायचा, कधी नाही. अंदाज चुकत राहतो आणि कुत्रा लक्ष देत राहतो.

शेजारच्या काकू साडेसातीसाठी दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतात. शनी प्रसन्न झाला का, ठाऊक नाही. काळू मात्र त्यांच्या दाराची कडी वाजली की कान टवकारतो, मंगळवारीसुद्धा. रट्ट्यांचंही असंच. हाक मारल्यावर उशिरा आला म्हणून मारलंत, तर 'ये' हीच माराची खूण होते.

आणि नाशिककरांनो, खाऊच्या डबीत द्राक्षं-बेदाणे नकोत. त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी त्यातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही भरपूर असतं.