डायव्हिंगचा झेंडा: स्नॉर्कलर, फ्रीडायव्हर आणि बोटींचे नियम

"इथे पाण्याखाली माणूस आहे, लांबून जा आणि हळू जा" हे बोटवाल्याला सांगायची खूण म्हणजे डायव्हिंगचा झेंडा. स्नॉर्कलर तोंडात नळी धरून पाण्यावर पालथा तरंगतो, फ्रीडायव्हर हवेची टाकी न घेता एका दमात बुडी मारतो, आणि या दोघांसाठी बोटींचे जे काही नियम आहेत ते फिरून फिरून या झेंड्यापाशीच येतात. बाकीच्यांना शार्कची भीती वाटते, पण रोज पाण्यात उतरणारी माणसं जास्त घाबरतात ती बोटीच्या इंजिनाच्या, पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याला.

झेंडे दोन आहेत आणि लोक त्यात हमखास गोंधळ घालतात. पहिला लाल, त्यावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात जाणारा तिरका पांढरा पट्टा. हा 1956 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या डेन्झेल डॉकरी यांनी काढला आणि मग सगळीकडे पसरला. दुसरा निळा-पांढरा, टोकाला खाच असलेला, आंतरराष्ट्रीय सिग्नल झेंड्यांमधला 'अल्फा'. त्याचा अर्थ "माझा पाणबुड्या खाली आहे, हळू आणि लांबून जा". समुद्रावर टकरा टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत (अमलात आले 1977 मध्ये), त्यातल्या 27 व्या नियमात हा अल्फा येतो: डायव्हिंगचं काम चाललेली बोट छोटी असेल आणि बाकीच्या खुणा लावणं जमत नसेल तर तिने किमान 1 मीटर उंचीची, न फडफडणारी, चारी बाजूंनी दिसेल अशी या झेंड्याची ताठ प्रतिकृती लावायची. म्हणजे नीट बघितलं तर अल्फा बोलतो बोटीबद्दल, की मला बाजूला होता येत नाहीये. लाल-पांढरा बोलतो माणसाबद्दल.

आणि खरी गोम इथेच आहे. ते आंतरराष्ट्रीय नियम जहाजांनी एकमेकांशी कसं वागायचं यासाठी आहेत, पोहणारा माणूस म्हणजे काही जहाज नव्हे, त्यामुळे कोणी कोणाला वाट द्यायची या हिशोबात तो बसतच नाही. सतत नजर ठेवा (नियम 5) आणि सुरक्षित वेगाने चालवा (नियम 6) एवढंच काय ते त्याच्या बाजूने. बाकी सगळं त्या त्या देशाच्या नाहीतर राज्याच्या कायद्यावर.

हे कायदे एकसारखे नाहीत. फ्लोरिडात लाल-पांढरा झेंडा दिसला की मोकळ्या पाण्यात 300 फूट आणि नदी, खाडीचं तोंड किंवा बोटींच्या मार्गात 100 फूट लांब राहायचा प्रयत्न करायचा, त्याच्या आत जावंच लागलं तर जेमतेम पुढे सरकण्याइतका वेग. उलट बाजूने डायव्हरनेही तेवढ्याच अंतरात झेंड्याजवळ राहायचं, हे मात्र पुष्कळ जण सोयीस्कर विसरतात. न्यूझीलंडमध्ये अल्फा लावलेल्या बोटीच्या 200 मीटरच्या आत आणि पाण्यातल्या कुठल्याही माणसाच्या 50 मीटरच्या आत 5 नॉट, म्हणजे तासाला साधारण 9 किलोमीटर, त्याच्यावर नाही. इटलीत पाण्याखाली मासेमारी करणाऱ्याने आपल्या फ्लोटपासून, म्हणजे सोबत दोरीने ओढत नेलेल्या तरंगत्या खुणेपासून, 50 मीटरच्या आत राहायचं.

300 फूट ऐकायला भरपूर वाटतं. पण 20 नॉटने येणारी बोट सेकंदाला 10 मीटर कापते, म्हणजे तेवढं अंतर 9 सेकंदात संपतं. त्यात वेग घेताना बोटीचं तोंड वर उचललं जातं आणि चालवणाऱ्याला नेमकं समोरचंच पाणी दिसेनासं होतं, ऊन समोरून असेल तर विचारूच नका. स्नॉर्कलरचं पाण्याबाहेर असतं काय? डोक्याचा मागचा भाग आणि नळीचं वीतभर टोक. जराशी लाट असली की तेही लपतं, दिसतं, लपतं.

बरं, पाण्यातल्याने तरी आवाज ऐकून बाजूला व्हावं ना? इंजिन ऐकू येतं, अगदी लांबून येतं, पण ते कुठून येतंय हे कळत नाही. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, त्यामुळे दोन्ही कानांवर तो इतका पाठोपाठ पोचतो की मेंदूला डावं-उजवं लावता येत नाही, सगळीकडूनच घरघर येतेय असं वाटतं. आणि तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 3200 फेरे घेत असेल तर सेकंदाला 160 वेळा पातं एका जागेवरून जातं. तिथे हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

फ्रीडायव्हरचं प्रकरण आणखी अवघड. टाकीवाला डायव्हर वर बोट आली असं वाटलं तर खाली थांबू शकतो, त्याच्याकडे हवा आहे. फ्रीडायव्हर 20 मीटरवरून साधारण 20 सेकंदांत वर येतो, छातीत उरलेल्या त्या एका श्वासावर, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये फुप्फुसं पुन्हा फुलतात, अंगातला रबरी सूट फुलतो, पाणी त्याला आपोआप वर ढकलतं. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. म्हणून एक जण खाली, एक जण वर ही पद्धत. वरच्याचं मुख्य काम साथीदार बेशुद्ध होतोय का हे बघणं, पण त्यालाच बोटींवर नजर ठेवावी लागते, फ्लोट उंच धरून हलवावा लागतो, ओरडावं लागतं.

माझ्या मते बोटीवरच्या झेंड्यापेक्षा माणसासोबत फिरणारा फ्लोट जास्त कामाचा. स्नॉर्कलर खाली बघत बघत कधी 150 मीटर लांब गेला हे त्यालाच कळत नाही, आणि झेंडा मात्र नांगरलेल्या बोटीवर. भगवा किंवा लाल फ्लोट, त्यावर ताठ राहणारा छोटा झेंडा आणि दोरी, एवढ्याने काम होतं. वारा नसताना लोळागोळा होऊन पडलेला झेंडा कुणाला दिसणार, म्हणून फ्लोरिडात झेंडा उलगडलेला राहावा यासाठी काडी घालणं सक्तीचं आहे. सगळे वर आले की झेंडा उतरवायचा हाही तिथला नियम. दिवसभर उगाच फडकत ठेवला की लांडगा आला रे आला होतं, मग खरंच कोणी खाली असताना बोटवाला बघतही नाही.

पण झेंडा आणि राखीव जागा असूनही घात होतो. गायिका कर्स्टी मॅककॉल 18 डिसेंबर 2000 ला मेक्सिकोतल्या कोझुमेलला टाकी घेऊन डायव्हिंग करत होत्या, वेगवान बोटींना बंदी असलेल्या भागात, आणि वर येताच तशाच एका बोटीने त्यांना उडवलं.

स्वतःच्याच बोटीचा पंखाही तितकाच वाईट. शिडीवर माणूस चढत असताना इंजिन न्यूट्रलला ठेवून भागत नाही, बंदच करायचं, कारण गियर चुकून पडायला कोपराचा एक धक्का पुरतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची एक दोरी असते, तो पाण्यात पडला की ती खेचली जाऊन इंजिन बंद होतं. अमेरिकेत 26 फुटांपेक्षा लहान बऱ्याच मोटरबोटींवर ती अडकवणं 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं झालंय.

रात्री झेंड्याचा उपयोग शून्य. मोठ्या डायव्हिंग बोटी एकाखाली एक लाल-पांढरा-लाल असे दिवे लावतात, पण स्नॉर्कलरला ते कुठून आणायचे, तो फ्लोटवर आणि डोक्याच्या पट्ट्यावर लुकलुकणारा दिवा बांधतो. भाल्याने मासे मारणाऱ्यांची तर वेगळीच गंमत: माशांना दिसू नये म्हणून ते खडकाच्या रंगाचा सूट घालतात, आणि मग बोटवाल्यालाही ते दिसत नाहीत.