टपालडब्याची जाळी : जुन्या यंत्रणेमागची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेमार्गांवर, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या मार्गांवर, जुना टपालडबा दुरुस्तीला आला की रंगावरून किंवा पत्रं लावायच्या लाकडी खणांवरून फारशी वादावादी होत नाही. खरी जुंपते ती डब्याच्या बाजूला असलेल्या लोखंडी सामानावरून, म्हणजे थैली टिपणारी जाळी आणि थैली सोडणारे हात यांच्यावरून.

आरएमएस, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, आपल्या परिचयाची आहे, त्यामुळे धावत्या गाडीत टपाल निवडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तिकडे हे काम जानेवारी १८३८ मध्ये बर्मिंगहॅम-लिव्हरपूल मार्गावर, घोडे न्यायच्या डब्यात फेरफार करून सुरू झालं. गाडी न थांबवता थैल्या देण्याघेण्याची युक्तीही त्याच वर्षीची. ती काढणाऱ्याशी पेटंटच्या पैशांवरून बोलणी फिसकटली आणि टपालखात्याने आपल्याच एका कारकुनाची रचना वापरायला घेतली. पुढे सुधारणा होत गेल्या.

डब्यातला माणूस जाड चामड्यात गुंडाळून पट्ट्यांनी आवळलेली थैली लोखंडी हाताच्या टोकाला अडकवी आणि तो हात बाहेर झुकवी. थैली डब्यापासून सुमारे तीन फुटांवर लोंबकळे. रुळाकाठच्या जाळ्याने ती ओढून घेतली की मोकळा झालेला हात स्प्रिंगच्या जोरावर उभा राहून डब्याला चिकटे. रुळाकाठच्या खांबाला टांगलेलं टपाल घ्यायचं असेल तर लिव्हरने डब्याची जाळी बाहेर काढायची. ती बाहेर असेपर्यंत आत घंटा घणघणत राही. हे सगळं ताशी साठ मैलांच्या वेगात. जाळी लवकर काढली तर पूल किंवा सिग्नल आडवा येणार, उशीर झाला तर थैली खांबालाच राहणार. खुणेला रुळाकाठी पांढऱ्या फळ्या असत, पण अंधारात सराईत माणसं पुलाखालून जाताना बदलणाऱ्या आवाजावरच भिस्त ठेवत.

अशी शेवटची देवाणघेवाण ४ ऑक्टोबर १९७१ रोजी पेनरिथजवळ झाली. गाडीत टपाल निवडणं मात्र जानेवारी २००४ पर्यंत चालू राहिलं.   

पंचाईत आहे ती मधल्या ३२ वर्षांची. यंत्रणा निकामी ठरल्यावर कित्येक डब्यांवरचे हात आणि जाळ्या काढून टाकल्या गेल्या आणि जाळीच्या खिंडारावर पत्रा मारला गेला. आता असा डबा हाती आला तर तो कोणत्या सालचा करायचा? एक गट म्हणतो, पत्रा हाही इतिहासच, त्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, जाळीशिवाय हा डबा म्हणजे नुसती फिरती कचेरी. पहिल्या गटाचं म्हणणं कागदावर बिनतोड आहे, पण १९५० च्या दशकाअखेरच्या डब्यांना ते लावणं अवघड जातं. त्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस भरलेलं असे. ते काढायचं तर आतलं सगळं उचकटून नुसता सांगाडा उरतो, मग एकट्या पत्र्याचं सोवळं कशाला? तो कापून, खूण करून, फोटो काढून जपून ठेवावा आणि जाळी बसवावी.

बसवायची तर चालती. इथे दुसरी कुरबूर सुरू होते, कारण थकलेल्या जुन्या स्प्रिंगवर भरवसा ठेवता येत नाही. हात वेळेत मागे फिरला नाही तर फलाटाच्या कडेशी उभ्या माणसाचं डोकं फुटेल. म्हणून स्प्रिंग, दोर आणि चामडं नवं घेणंच शहाणपणाचं. ओतीव कंस आणि लिव्हर तपासून जुने ठेवता येतात. बिजागरीची भोकं झिजून लांबट झाली असतील तर त्यांत बुश (धातूची छोटी नळी) बसवून भागतं. वारसा मार्गांवर वेगमर्यादा साधारणपणे ताशी २५ मैलांची. वेगाच्या वर्गाचा हिशेब धरला तर साठ मैलांवर बसणाऱ्या हिसक्याच्या मानाने इथे जेमतेम एक षष्ठांश ऊर्जा येते. डिडकॉट आणि क्वॉर्न या वारसा रेल्वेच्या ठिकाणची प्रात्यक्षिकं याच बेताच्या वेगात होतात. थैली जाळीत आदळते तेव्हा तेवढ्यानेही डबा दणाणतो.