ब्रॉन्झरची छटा : गोऱ्या त्वचेसाठी

ब्रॉन्झर म्हणजे उन्हात हलकेच रापल्यावर त्वचेवर येते तशी सोनेरी-तपकिरी झाक देणारे सौंदर्यप्रसाधन. पावडर, क्रीम आणि द्रव अशा तिन्ही रूपांत ते मिळते. कोरड्या उन्हाच्या मराठवाड्यात पावडरच सोयीची, कारण भर उन्हाळ्यात क्रीम घामाबरोबर ओघळते. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर छटा थोडी चुकली तरी ती खपून जाते. गोऱ्या चेहऱ्यावर मात्र तीच चूक गालावर वीट घासल्यासारखी दिसते, म्हणून गोऱ्या त्वचेसाठी छटा निवडणे हे जास्त जोखमीचे काम आहे.

युरोपात १९२० च्या दशकात रापलेली कांती सुट्टीची आणि सुखवस्तूपणाची खूण ठरू लागली. पुढे १९८४ मध्ये गेर्लां या फ्रेंच कंपनीने ‘टेराकोटा’ ही पावडर आणली आणि ऊन न लागताही तशी कांती डबीतून मिळू लागली. मराठवाड्यात रापण्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. रापलेला चेहरा म्हणजे कापसाच्या रानातला, ऊसतोडीवरचा चेहरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्टोलने बांधून घेतात. अशा घरात मुलीने ब्रॉन्झरची डबी उघडली की आई विचारणारच, “आधीच ऊन काय कमी हाय का, वरून हे कशाला लावायलीस?” प्रश्न रास्त आहे. इथे ब्रॉन्झर लावतात तो रापल्यासारखे दिसण्यासाठी नव्हे. लग्नाच्या मेकअपमध्ये फाउंडेशनचा, म्हणजे त्वचेच्याच रंगाच्या लेपाचा, थर बसला की चेहरा एकरंगी, सपाट होतो. कपाळाची कड, गालाचे हाड आणि जबडा यांना पुन्हा उठाव देणे हे इथे त्याचे काम आहे.

या पावडरीचा रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचा असतो : पिवळे, लाल आणि काळे. त्यांचे प्रमाण बदलले की छटा बदलते. लाल वाढले की रंग विटकरी होतो, काळे वाढले की राखेकडे झुकतो आणि पिवळे वाढले की मधासारखा होतो. प्रसाधनांत आज कारखान्यात तयार केलेली ऑक्साइडे वापरतात, पण जात तीच, गेरूची आणि पिवळ्या मातीची. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही याच मातीरंगांतून माणसांची कांती रंगवली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी नीट पाहावा. नाक उठून दिसते ते नाकावरच्या उजळ रंगामुळे आणि बाजूच्या गडद छटेमुळे. गालावर ब्रश फिरवणारी ब्यूटिशियनही तेच करत असते.

आता ‘गोरी’ म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते यावरून वर्गवारी मांडली. आज तिच्यात सहा प्रकार मानतात, पहिला सर्वांत उजळ आणि सहावा सर्वांत गडद. लातूर-नांदेडकडे जिला सगळे गोरी म्हणतात तिची त्वचा उन्हात नुसती लाल होऊन थांबत नाही, ती रापते, म्हणजे ती बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात येते. परदेशी डबीवरचे ‘फेअर’ हे लेबल पहिल्या-दुसऱ्या प्रकारासाठी असते. ते आपल्या गोऱ्या मुलीने घेतले तर पावडर दिसतच नाही किंवा पिठासारखी पांढुरकी दिसते. तिला बहुतेक वेळा ‘लाइट’ किंवा ‘लाइट-मीडियम’ लागते.

लेबलापेक्षा आपल्या भाषेतले शब्द जास्त उपयोगी पडतात. पार्लरमध्ये ज्याला अंडरटोन म्हणतात, म्हणजे त्वचेच्या रंगामागची पिवळसर, लालसर किंवा हिरवट झाक, तो त्यांत आधीच आलेला आहे. केतकी वर्ण म्हणजे पिवळसर गोरा, त्याला मधाळ पण फिकी छटा शोभते. लालगोऱ्या चेहऱ्यावर गालाची लाली मुळातच असते, तिथे लालसर ब्रॉन्झर टाळून भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी घ्यावा. गोरेपणात किंचित हिरवट झाक असेल, आणि आपल्याकडे ती पुष्कळांत असते, तर नारिंगी छटेच्या जवळही जाऊ नये. पांढऱ्याफटक चेहऱ्याला त्वचेपेक्षा एकच पायरी गडद रंग पुरतो. इतरांनाही दोन पायऱ्यांच्या पुढे जायची गरज नसते. मनगटावरच्या शिरा निळ्या की हिरव्या हे पाहून छटा ठरवण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. गळ्याशी पांढरे सुती कापड धरून दिवसाउजेडी आरशात पाहिले तर झाक जास्त खात्रीने कळते.

दुकानात बहुतेक जणी हाताच्या पाठीवर रंग लावून पाहतात. हात उन्हात रापलेला असतो, चेहरा स्टोलखाली राहिलेला असतो, त्यामुळे हाताला जुळलेली छटा गालावर गडद पडते. जबड्याच्या कडेला, मानेपर्यंत एक पट्टा ओढून पाहावा. लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर काय, ट्यूबलाइटखाली हो म्हणू नये. छोटा आरसा घेऊन दुकानाच्या पायरीवर यावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग पाहावे.

थांबायचे कारण असे, की त्वचेचे तेल पावडरीत मुरते आणि रंग गडद होतो. पहिल्या सरीने भिजलेली माती जशी एकदम काळीशार दिसते, तसेच. म्हणून तेलकट त्वचेच्या मुलीने डबीत आवडलेल्या रंगापेक्षा एक पायरी फिकी घ्यावी. ओल्या फाउंडेशनवर थेट ब्रश टेकवला तर तिथे डाग धरतो आणि मग तो पुसला जात नाही, पसरतो. आधी बिनरंगी पावडर मारून थर कोरडा करावा, ब्रश झटकावा आणि थोडे थोडे चढवावे.

चमक हा वेगळा मुद्दा. चमकीचा ब्रॉन्झर अभ्रकाच्या कणांमुळे लकाकतो, पण दुपारच्या मुहूर्ताला मांडवात ती लकाकी घामासारखी दिसते. दिवसाच्या लग्नाला मॅट बरा, चमक रात्रीच्या रिसेप्शनला. डबीवर एसपीएफचा आकडा असला तरी एवढ्याशा पावडरीने ऊन अडत नाही. सनस्क्रीन वेगळे लावावेच लागते.

छटा कायमची ठरत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत जुळलेली डबी मे महिन्यात, मान आणि कानशिले रापल्यावर, चेहऱ्यावर दिसेनाशी होते. मेमध्ये घेतलेली दिवाळीत गडद वाटते. दोन्ही हंगामांत मेकअप करणाऱ्या पार्लरवाल्या ताई म्हणूनच दोन छटा जवळ ठेवतात आणि एकाच ब्रशने त्या मिसळतात.