ओर्तीजिया: समुद्राला खेटून गोड्या पाण्याचा झरा

पलीकडे समुद्र, अलीकडे भिंतीला लागूनच गोड्या पाण्याचं तळं, त्यात बदकं पोहतायत आणि मधे पपायरसची हिरवीगार झुडपं. सिसिलीतल्या सिराक्यूज शहराचा जुना भाग म्हणजे ओर्तीजिया बेट, तिथला हा अरेथुसा झरा. बेट एवढुसं की एक चौरस किलोमीटरही भरत नाही, पण इ.स.पू. ७३४ च्या सुमारास ग्रीसमधल्या कॉरिंथहून आलेल्या लोकांनी वस्तीला नेमकं हेच निवडलं, आणि मला तरी वाटतं की बंदराइतकंच ह्या झऱ्यासाठी, कारण वेढा पडला तरी प्यायचं पाणी घरातच.

पाणी येतं कुठून? ग्रीक लोक सांगायचे की अरेथुसा नावाची अप्सरा ग्रीसमधल्या अल्फियस नदीच्या देवापासून पळत इथे आली आणि झरा झाली, तर तोही समुद्राखालून मागोमाग आला. तिकडे ऑलिम्पियाला त्या नदीत टाकलेला प्याला इथे वर येतो असंही म्हणायचे. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो ह्या भूगोलकाराने हे खोडून काढलं, आणि मुद्दा किती साधा बघा: नदी सगळ्यांच्या डोळ्यादेखत समुद्राला मिळते, मुखाशी तिला गिळणारं भोक कुठेच नाही, मग एवढा समुद्र पार करून ती गोडी राहीलच कशी? ह्या एका प्रश्नासाठी मला स्ट्रेबो फार आवडतो.

खरं उत्तर सिसिलीच्याच जमिनीत आहे. शहरामागचे इब्लेई डोंगर चुनखडीचे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी हळूहळू विरघळवतं, फटी रुंद करत खाली मुरतं आणि उताराने समुद्राकडे सरकत राहतं, मग किनाऱ्याशी भेग सापडली की दाबामुळे वर उसळतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं (समुद्राचं लिटरभर पाणी साधारण २५ ग्रॅमनी जड भरतं) म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. किनाऱ्याजवळच्या सच्छिद्र जमिनीत ढोबळ हिशोब असा की भूजलाची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. म्हणजे पातळी थोडीशी उतरली तरी खारं पाणी खालून बरंच वर चढतं, आणि भूकंपाने भेगा हलल्या तर वेगळाच गोंधळ. ११६९ च्या भूकंपात अरेथुसा गढूळ आणि खारट झाल्याची नोंद आहे.

हेच भूजल ज्यू लोकांच्या जुन्या मोहल्ल्यातही भेटतं. तिथे एका इमारतीखाली खडकात खोदलेल्या पायऱ्या उतरत गेलं की जवळपास १८ मीटर खोल त्यांचं धार्मिक स्नानाचं कुंड आहे, आणि त्यात अजून पाणी आहे!

शहर बांधलंय तेही चुनखडीनेच. इथलं कॅथेड्रल म्हणजे मुळात इ.स.पू. ५ व्या शतकातलं अथेनाचं देऊळ, ७ व्या शतकात खांबांमधल्या जागा भरून त्याचं चर्च केलं, ८७८ मध्ये अरबांनी शहर जिंकल्यावर तिथे मशीद झाली आणि उत्तर फ्रान्सकडचे ख्रिस्ती नॉर्मन आल्यावर परत चर्च. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने आग्नेय सिसिली उद्ध्वस्त केली, सुमारे ६०,००० माणसं गेली. कॅथेड्रलचा पुढचा दर्शनी भाग पडला, आजचा आहे तो १८ व्या शतकातला. जुने ग्रीक खांब मात्र उभेच राहिले. बाजूच्या गल्लीत गेलं की ते भिंतीतून अर्धे बाहेर आलेले दिसतात, उभ्या खोबणींसकट.